पांढऱ्या कोटाचा पदर

त्या वर्षी मी देवीशी बोलणं सोडलं होतं. भांडण नव्हतं, भांडायलाही अंगात जीव लागतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष, आणि मी केजजवळच्या सरकारी दवाखान्यात नर्स. टँकरचं पाणी पिऊन हगवण लागलेली माणसं खाटा संपल्या म्हणून जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेली असायची आणि बघायला आम्ही दोघी-तिघीच. आमच्या संडासात पाण्याचा थेंब नसायचा. म्हणून आम्ही एक युक्ती काढली होती, ड्युटीवर पाणी प्यायचंच नाही. दिवसभर रोग्यांना "घोट घोट पाणी पीत राहा" म्हणून दटावायचं आणि स्वतः सुकून जायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लघवीला आग व्हायची, कंबर मोडून यायची, अंगात कणकण असायची. गोळी गिळायची तीही बिनपाण्याची.

माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण आयर्लंडमध्ये नर्स आहे. ती सुटली, असं मी समजून होते. एकदा तिचा फोन आला आणि ती रडायलाच लागली. "इथं तोटी सोडली की पाणी येतं गं, पण प्यायला आणि जायला वेळच मिळत नाही." मी फोन ठेवून दिला.

मग एका दुपारी माझ्या देखत एक तरुण बाई गेली. तिची सासू भिंतीवर डोकं आपटत होती. मी चादर तोंडावर ओढली आणि पलीकडच्या रोग्याची सलाईन बदलायला गेले. मला काहीच वाटलं नाही. त्या काही न वाटण्याची मात्र फार भीती वाटली. घरी येऊन देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि आंबेजोगाईच्या योगेश्वरी आईला म्हणाले, "मला रडू दे, नाहीतर घेऊन जा." दिवासुद्धा लावला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मला जनावरांच्या छावणीवर पाठवलं. उसाअभावी बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या मैदानात सहकारी संस्थेनं ती उघडली होती, आणि जनावरांमागं घरंच्या घरं तिथं राहायला आली होती. मी औषधं वाटत होते. तेवढ्यात एक वयस्कर बाई हातात देवीची परडी घेऊन खोपटा-खोपटापुढं उभी राहून जोगवा मागताना दिसली. ज्यांच्याकडं स्वतःला पुरेसं नव्हतं त्या बायाही चिमूटभर पीठ, मूठभर ज्वारी परडीत टाकत होत्या. ती माझ्यापुढं आली आणि माझं डोकंच फिरलं. "मी काय देऊ? माझ्यात काही उरलंय का द्यायला?" मी ओरडलेच.

तिला राग आला नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "व्हट फुटलेत की माय तुजे. पानी कावून पेत न्हाईस?"

मी खरं ते सांगून टाकलं. जायला जागा नाही म्हणून.

"आगं, आमी इतक्या बाया हावोत हितं. कडब्याच्या गंजीमागं लुगड्याचा आडोसा केलाय. मी हुबी ऱ्हाते, तू जा." मग तिनं परडीत हात घातला. "पर आदी पदर पसर."

"मी कशाला? मी काही मागत नाही."

"म्हनून तर आशी वाळलीस. जोगवा राजाच्या रानीलाबी मागावा लागतो. पसर."

अंगात गणवेश, पदर कुठला! मी कोटाचं टोक दोन्ही हातांनी धरलं. त्यात मूठभर ज्वारी पडली. मग तिनं तांब्या पुढं केला. टँकरचंच पाणी, मातीचा वास येणारं. मी ते सगळं प्यायले आणि त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. गेलेल्या तरुण बाईसाठी रडले, तिच्या सासूसाठी रडले. आईनं माझं पहिलं मागणं ऐकलं होतं.

ती बाई देवी होती असं मी म्हणत नाही. सिरसाळ्याकडची होती, तिच्या दोन गाई होत्या, त्यातली एक पुढं मेली. मला एवढंच ठाऊक आहे की त्याच आठवड्यात माझी तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस असंच काढलं असतंत तर मूत्रपिंड हातचं गेलं असतं.

पाऊस त्या वर्षीही आला नाही. माणसं येत राहिली, काही जात राहिली. पण मी मागायला शिकले. जोगवा पाच घरी मागतात. मी साहेबांकडं गेले, सरपंचाकडं गेले, छावणीच्या संस्थेकडं गेले, आमच्या संडासापुरतं पाणी द्या म्हणून हात पसरले. दोघांनी वाटेला लावलं. संस्थेनं एक पिंप दिलं. त्या दिवशी आम्ही सगळ्या जणी ड्युटीवर पाणी प्यायलो.

मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "इथं परक्या मुलखात मी पाच घरं कुठून आणू गं?"

"एक तर झालंय," मी म्हणाले. "त्या दिवशी रडत फोन केलास, तेव्हा तू माझ्याच दारात आली होतीस. मीच तुला रिकाम्या हातानं पाठवलं. आज पाणी घे, मी फोन धरून बसते."

पलीकडं तोटी सोडल्याचा आवाज आला. आई योगेश्वरी, तुझे उपकार.