ह्यायचा एक घास

पहिली पोरगी झाली तेव्हा चार पौंडाची होती. हातात घेतली तरी वजन लागे ना. दूध ओढायचं त्राण नव्हतं तिच्यात. महिनाभर कापसात गुंडाळून छातीशी धरली, अन् गेली माही पोर. म्हणून पुन्हा दिवस गेले तेव्हा आनंद राहिला बाजूले, जीव नुसता धसकला होता. हेही लेकरू तसंच झालं तर?

भिलाईत रुआबांध्याजवळ एका खोलीत आम्ही तिघं राहत होतो: मी, हे अन् सासू. मूळचे भंडाऱ्याकडचे. भिलाईचा पोलादाचा प्लँट तेव्हा उभा होऊन राहिला होता, हे तिथं फिटर. ओव्हरटाइम रोजचाच. पहाटे चहा पिऊन गेलेला माणूस दिवे लागल्यावर घरी. अन् आमच्यात रीत अशी, का नवरा जेवल्याबिगर बायकोनं तोंडात घास घालायचा नाही. शेतकऱ्याघरी चालून जाते ते. माणूस वावरातून जेवायले येते, त्याच्यामागून बाई जेवते. इथं मी दिवसभर चहावर. हे कॅन्टीनमधी पोटभर जेवत, अन् मी इकडं पतिव्रता! रात्री ताटावर बसलं तर पित्तानं अन्न वर ये. वा रे वा आमची अक्कल.

पाचव्या महिन्यात सासू मले दवाखान्यात घेऊन गेली. नर्स मद्रासकडची, हिंदी मोडकी पण जीभ धारदार. पहिलीचं विचारलं, डोळे पाहिले, काट्यावर उभं केलं. दिवसभर काय खातेस म्हणे. मी मोठ्या मानानं सांगितलं, हे ड्यूटीवरून आले का जेवते.

"अच्छा? तो बच्चा भी पेट में रास्ता देखता है, साहब कब आएगा? माँ नहीं खाएगी तो बच्चा कहाँ से भरेगा? पहलावाला छोटा क्यों हुआ, अब समझा?"

 सासू माहा हात धरून झपाझप घराकडं निघाली. मले वाटलं, आता घरी गेल्यावर ही नर्सच्या सात पिढ्या उद्धरते.

घरी आल्यावर तिनं ताट वाढून समोर सरकवलं. "खाय."

"आत्याबाई, हे यायचे आहेत ना."

खरं सांगते, घास उचलला, अन् ताटात परत ठेवला. लहानपणापासून अंगात भिनलेलं एका दिवसात निघते का?

सासूनं ओळखलं. दुसऱ्या दिवशी हे बूट घालून सायकल काढून राहिले, तर ही ताट घेऊन दारात आडवी. भाताचा ढीग, वरण, लाखोळीची भाजी.

"आ कर."

"आता? ड्यूटीची वेळ झाली, माय!"

"एक घास खाय अन् जाय. तू जेवला, झालं. मंग ती मोकळी."

एवढा बाप्या माणूस, लाजत लाजत आ केला अन् घास चावत निघाला. उरलेलं ताट माह्यं. रीतही राहिली, पोटही भरलं. मग रोज तसंच. पुढं पुढं हेच ताटाकडं पाहून आईले म्हणत, "आज वरण कावून कमी दिसून राहिलं?" असा जीव भरून ये माहा!

दवाखान्यातच बाळंत झाली मी. पोरगा. नर्सनं काट्यावर ठेवला अन् ओरडली, "सात पौंड!" काय रडला बाप्पा, खोली दणाणून सोडली. मी हसून राहिली होती अन् डोळ्यातून पाणी थांबे ना.

सासूनं त्याले मांडीवर घेतलं. त्याचा दंड पाहिला, गुबगुबीत पाय हातात धरले. पाहतच राहिली.

"ह्याच्या बापाच्या आधी मले दोन झाले होते, बाई," ती म्हणाली. "दोघंही एवढुशे. सटवाईनं नेले म्हणे सारे."

हे तिनं मले कधीच सांगितलं नव्हतं.

"तुह्ये सासरे तवा मँगनीजच्या खाणीवर जात. सांजेले येत. मी बी वाट पाहत बसत होती." तिनं पोराले उराशी धरलं अन् ती हमसून रडली. "मले कोणी म्हणलंच नाही वं, का तू खाऊन घे."