पार्वताबाईनं थांबवलेला बर्फ

पार्वताबाई दमलेली बाई आहे. हे ती कोणाला सांगत नाही, आणि सांगायची गरजही नाही. सडक अर्जुनी या तालुक्याच्या ठिकाणाहून आत गेलेल्या तिच्या गावात तिला नुसतं चालताना पाहिलं तरी कळतं. सकाळी शाळेची खिचडी शिजवायची, दुपारी शेत, आणि या दोन्हींच्या आधी, मध्ये, नंतर भैयालाल. तिच्या नवऱ्याला तीन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि डावी बाजू गेली. त्याला उठवायचं, बसवायचं, धुवायचं, भरवायचं. तो अंगानं धिप्पाड, ही काडी. त्याला उचलताना तिच्या नाकी नऊ येतात. लोक म्हणतात, सवय होते. लोकांना म्हणायला काय जातं?

पोरगा एकच, हेमेंद्र, आणि तो कॅनडात. हॉटेलचं शिकायला म्हणून गेला आणि एका अवाढव्य तलावाच्या काठी लॉजवर कामाला लागला. लॉज हिवाळ्यावर चालतो. तिथं लोक बर्फावर फटफट्या फिरवायला येतात. स्नोमोबाईल म्हणतात तिला. पुढं दोन पाट्या आणि मागं पट्टा, आपल्या ओल्या धानात चालणाऱ्या चेनवाल्या हार्वेस्टरचं लहान पोर म्हणा.

एवढा बर्फ येतो कुठून, हे हेमेंद्रनं आईला व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं होतं. उत्तरेकडची गार हवा तलावावरून येते. तलावाचं पाणी अजून कोमट असतं. हवा त्याची वाफ उचलते आणि या काठावर आणून बर्फ करून ओतते. दहा कोस आत गेलं की कोरडं ठाक. पार्वताबाईला हे लगेच पटलं. पुसाच्या महिन्यात गावच्या तलावावरून सकाळी वाफ निघते आणि पाळीच्या बांधाखालचं लाखोरीचं पीक तेवढं चिंब भिजतं, हे ती सासरी आल्यापासून बघत होती. शिकलेल्या माणसाला जे कागदावर काढून दाखवावं लागतं ते हिला घागर भरताना दिसलं होतं.

त्याच्या पहिल्या हिवाळ्यात बर्फ लॉजच्या खिडक्यांच्या वर गेला. दार आतून उघडेना, म्हणून पोरं माळ्यावरच्या खिडकीतून फावडी घेऊन उतरली. दुसऱ्या हिवाळ्यात सलग पाच दिवस पडला, रस्ते बंद झाले आणि चाळीस पाहुणे लॉजवरच अडकले. हेमेंद्रनं त्यांना वरण-भात खाऊ घातला. म्हातारा मालक दर हिवाळ्याला बर्फ कुठवर आला त्याची खूण शेडच्या फळीवर कोरून ठेवतो. त्या दोन वर्षांच्या खुणा हेमेंद्रच्या डोक्याच्याही वर आहेत. त्यानं फळीशेजारी उभं राहून फोटो पाठवला, आणि आठ दिवस गावात त्याच फोटोची चर्चा.

पार्वताबाईनं फोटोत बर्फ पाहिलाच नाही. तिनं पोराच्या दंडाकडं पाहिलं. हा दंड इथं असता तर बापाला एका हातानं उचलून खुर्चीत बसवला असता, एवढंच तिच्या मनात आलं.

तिसऱ्या दिवाळीला तो फोनवर म्हणाला, "माय, यंदा बर्फ चांगला पडला त मालक मले पक्का करणार हाय. अन् नाई पडला त लॉजच बंद करतो म्हणते. मंग उचला बोरियाबिस्तर!"

तो हसत होता. पार्वताबाई हसली नाही. बर्फ नाही पडला तर पोरगा घरी येतो, असा तिनं त्याचा सरळ अर्थ लावला, आणि आई दुसरा कुठला लावणार?

तिच्या माहेरी गारा पडू लागल्या की बाया चुलीवरचा लोखंडी तवा अंगणात पालथा टाकत. लोखंड पाहून गारा थांबतात म्हणे. उभ्या पिकासाठी तिनंही कितीदा टाकला होता. कधी थांबल्या, कधी नाही. पण थांबल्या तेच लक्षात राहतं. आता तिनं विचार केला, गारा थांबतात तर बर्फ का थांबणार नाही? तोही वरूनच पडतो ना.

तेव्हापासून हेमेंद्र फोनवर म्हणाला, "येत्या शनिवारी पडन म्हणतेत," की तवा अंगणात. भैयालाल पडवीतल्या खाटेवरून बघायचा. बोलणं त्याचं जड झालं होतं, नजर नव्हती झाली.

शेजारची दुर्पता एकदा कुंपणावरून म्हणालीच, "काऊन वो पार्वताबाई, आभाळ त कोरडं हाय! तवा कायले बाहेर टाकून राहिली?"

"जंग चढला, ऊन दाखवून राहिली," पार्वताबाईनं उडवून लावलं.

आणि त्या हिवाळ्यात खरंच बर्फ पडेना. डिसेंबर गेला, नुसता पाऊस. जानेवारीत दोनदा पांढरं झालं आणि दुपारपर्यंत वाहून गेलं. हेमेंद्रनं पाठवलेल्या फोटोत पिवळं गवत होतं आणि ताडपत्रीखाली ओळीनं उभ्या फटफट्या. आलेले पाहुणे खोल्या रद्द करून परत जात होते. पार्वताबाईला आनंद झाला, अगदी पोटातून झाला, आणि मग पोराचा उतरलेला चेहरा पाहून तिला स्वतःची लाज वाटली.

"माय, तू तरी देवाले म्हण ना जरा," तो एकदा म्हणाला.

"म्हणीन ना, बाबू."

फोन ठेवला आणि तिनं तवा टाकला. देवाला तिनं एवढंच सांगितलं की मी वाईट आहे हे मला माहीत आहे, पण माझी कंबर आता चालत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळीच फोन आला. ती भैयालालचं अंग पुसत होती. फोन तिनं खाटेच्या कडेला टेकवून ठेवला.

"लॉज बंद झाला, माय. मालक विकून राहिला."

तिनं फडकं बादलीत सोडलं. "मंग कधी येतं, बाबू?"

"कुठं?"

"घरी."

तो मग म्हणाला, "घरी कसा येऊ? पश्चिमेकडं बटाट्याच्या कारखान्यात काम भेटलं. इथून तीन दिवस बसनं. इथं राहायच्या कागदाचं सारं पयल्यापासून करा लागते आता. ते होईपर्यंत देश सोडता येत नाई. तीन वर्सं धर."

"तीन वर्सं?"

"तुले सांगतलं नव्हतं, माय. बर्फ पडला असता त मालक एप्रिलात दोन महिन्यांची सुट्टी देणार होता. मी अचानक येऊन उभा राहणार होतो दारात. बाबाले नागपूरले न्यायचं, चांगल्या डॉक्टरले दाखवायचं, अन् तुले दोन महिने कशालेच हात लावू द्यायचा नाई, असं ठरवलं होतं. जाऊ दे. यंदा नशीबच नाई."

"जेवला का?" तिनं विचारलं.

फोन बंद झाला. बादलीतलं पाणी गार झालं होतं. तिनं फडकं पिळलं आणि नवऱ्याची पाठ पुसायला घेतली.

भैयालालला फोनमधलं अर्धंच ऐकू गेलं होतं. जड जिभेनं त्यानं विचारलं, "येते का... पोट्टा?"

"नाई," ती म्हणाली. "तिकडं बर्फ नाई पडला म्हणून नाई येत. पडला असता त आला असता."

भैयालालनं तिच्याकडं पाहिलं. खाटेवरून त्यानं सारा हिवाळा तिला अंगणात तवा टाकताना पाहिलं होतं. चालता उजवा हात त्यानं खाटेच्या माचव्यावर रोवला आणि, तिला उचलावं लागू नये म्हणून, स्वतःच उठून बसायची खटपट करू लागला.