सही न केलेले सर

कायद्याच्या कॉलेजातली पोरं पास होऊन निघून जातात, किस्से मात्र स्टाफरूममध्येच मुक्कामाला राहतात. आमच्या नागपूरच्या कॉलेजात तर निम्मे किस्से एकट्या वानखडे सरांचे. सर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतात आणि शिकवलेलं घरीही वापरतात, हाच सगळा घोटाळा!

*

वर्गात अण्वस्त्र प्रसारबंदीचा करार चालू होता. हिंगण्याचा एक पोरगा उठला. "सर, एखाद्या देशानं करारावर सहीच नाही केली अन् गुपचूप बॉम्ब बनवला, तं त्याले कोणत्या कलमात धरायचं?"

सर म्हणाले, "कोणत्याच नाही. लग्नच नाही लागलं, तं घटस्फोट कोणाले मागशील गा?"

*

तोंडी परीक्षेत सरांनी कामठीच्या एका मुलीला विचारलं, "बॉम्ब आहे म्हणायचं नाही, नाही असंही म्हणायचं नाही. या धोरणाचं उदाहरण दे."

"माझा मोठा भाऊ, सर. पोरगी पाहून ठेवली का विचारलं, तं नुसता हसते."

सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

मग सरांची शुगर वाढली. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, गोड सुटलं नाही तर अंगठा कापावा लागेल. त्या दिवशी आम्हा टवाळांनाही जेवण गेलं नाही.

आमच्या स्टाफरूमची रीत अशी, की दुपारी प्रत्येकाने आपला डबा मधल्या टेबलावर उघडायचा. सरांच्या डब्यात रोज मेथी आणि ज्वारीची भाकर. तरी शुगर उतरेना. शेवटी सरांच्या बायको, आमच्या वहिनी, बेसाच्या घरून थेट स्टाफरूमच्या तपासणीला आल्या. सरांनी स्वतःहून कपाट उघडून दिलं, ड्रॉवर उपसून दाखवला. काहीच सापडलं नाही.

त्या गेल्यावर सर मला हळूच म्हणाले, "निरीक्षकाले जाहीर केलेलीच ठिकाणं दाखवतात."

*

पुढे कॉलेजात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा झाली. विषय सरांनीच दिलेला: अघोषित अण्वस्त्रं. प्रमुख पाहुणे ऐनवेळी आले नाहीत, म्हणून प्राचार्यांनी पहिल्या रांगेतल्या वहिनींना बक्षीस द्यायला बोलावलं. एरवी स्टाफरूमच्या कपाटावर असणारा झाकणाचा मोठा कप त्यांच्या हातात आला. आत काहीतरी हललं. वहिनींनी झाकण काढलं. संत्रा बर्फी, अर्धीअधिक संपलेली.

वहिनींनी कप सरांपुढे धरला.

"काहो, हे तुमचं आहे का?"

"आहे म्हणत नाही, नाही म्हणत नाही," सर म्हणाले. "अन् पथ्याच्या कोणत्याच करारावर मी सही नाही केली."

वहिनींचे डोळे भरले होते, आवाज मात्र शांत होता. "लग्नाच्या रजिस्टरवर तं केली होती. बूट काढा, अंगठा पाहू द्या."

सर सगळ्यांदेखत स्टेजवरच्या खुर्चीत बसले आणि मुकाट्याने बूट काढला.