हिला काय विचारायचं?

लिफ्ट बंद पडली की माणसाला दोनच गोष्टी आठवतात, देव आणि धोक्याची घंटा. देवाचं माहीत नाही, पण घंटा वाजते ती छकूच्या टेबलावरच्या फोनवर. तसं तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, कंपनीच्या ओळखपत्रावर मावता मावत नाही. पण घरी तिला छकू म्हणतात, तेव्हा आपणही छकूच म्हणू. तिशी ओलांडलेली, लिफ्टच्या देखभालीची इंजिनियर. मेकॅनिक लोक तोंडावर तिला मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की हवालदार. दोन्ही बरोबरच आहे.

तर काही वर्षांपूर्वी एका बारा मजली ऑफिसांच्या इमारतीत, ऐन सकाळच्या गर्दीत लिफ्ट सातव्या नि आठव्या मजल्याच्या मधेच रुसून बसली. आत सहा जण. मेकॅनिक रस्त्यावरच्या गर्दीत अडकलेला. आतून एक करसल्लागार फोनवर ओरडत होता, "अहो, हवा संपतेय इथली!"

"हवा संपत नाही, छताला झरोके आहेत," छकू म्हणाली.

"मग मला श्वास का घेता येत नाही?"

"तुम्ही ओरडताय म्हणून."

एवढं सांगूनही गडी दारावर लाथा घालायला लागला. मागे कुणीतरी मुसमुसून रडत होतं. घाबरलेली माणसं दार फोडायला जातात आणि मग खरा अपघात होतो, हे छकूला पक्कं ठाऊक होतं. आणि तेव्हा तिच्या तोंडून भलतंच काहीतरी निघून गेलं.

"असं करा. सगळ्यांनी खाली बसा. शेजारच्याला काहीतरी विचारा, असं काहीतरी जे त्याला आजवर कुणी विचारलं नाही. आणि मग बाकीच्यांना सांगा, ह्यांना काय विचारायचं ते."

पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा मेकॅनिकने हात पुढे केला, तर करसल्लागार आतूनच म्हणतो कसा, "थांबा हो जरा, ह्यांचं अजून पुरं व्हायचंय!" चार वर्षं एकाच लिफ्टने वरखाली करणारी माणसं ती, एकमेकांच्या बुटांपलीकडे काही ओळख नव्हती. त्याच आठवड्यात ती सहाही जणं पुन्हा भेटली आणि फोनवरच्या बाईलाही बोलावून घेतलं. मंडळीचं नावच पडलं, 'अडकलेले'.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी पन्नास-साठ जण जमतात. त्या सहांतल्या एकाचं फर्निचरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर. बसायला कशाची कमी नाही, फक्त किमतीच्या चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही आणि पलंगावर आडवं व्हायचं नाही. येतात ती सगळी तिशीच्या अलीकडची-पलीकडची पोरं: कुणी बँकेत, कुणी संगणकापुढे, कुणी नवीनच धंदा काढून बापाच्या शिव्या खाणारं. अशा मेळाव्यांत एरवी काय चालतं, तुम्हाला ठाऊक आहे. हातात पेला, तोंडावर हसू, आणि नजर समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे, कुणी कामाचा दिसतोय का बघत. इथे तसं चालत नाही. व्हिजिटिंग कार्ड काढलं की त्याने शेवटी सगळ्यांचे पेले विसळायचे. स्वतःची ओळख स्वतः करून द्यायची नाही, दुसऱ्याने द्यायची. आणि ज्याची ओळख झाली, त्याने लगेच ओळख करून देणाऱ्याची उलट ओळख करून द्यायची. त्यातून कुणाला नोकरी लागली, कुणाला भागीदार मिळाला, एक लग्नही जमलं नि टिकलं.

आणि ह्या सगळ्यात छकूचा हात कुणी धरावा! कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभा असलेला नवखा माणूस तिला लांबूनच दिसायचा. त्याच्याशी चार वाक्यं बोलून ती त्याला मधे आणायची. "हे दाताचे डॉक्टर. ह्यांना विचारा, दात काढताना पेशंटपेक्षा जास्त कोण घाबरतं." "ही विमा कंपनीत असते. हिला विचारा, पोपटाचा विमा उतरवायला कोण आलं होतं." माणूस खुलायचा, लोक भोवती जमायचे आणि छकू पुढच्या भिंतीकडे वळायची. वडील असताना म्हणायचेच, "ही पोरगी लष्कराच्या भाकऱ्या भाजायलाच जन्माला आलीये."

वडील गेले त्याला वर्ष झालं. आई गावातल्या घरात एकटी राहिली. एकदा ओट्यापाशी चक्कर येऊन पडली ती दुपारपर्यंत तशीच पडून, शेजारीण सहज डोकावली म्हणून कळलं. छकू त्याच दिवशी गेली आणि आईला घेऊनच आली. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या. आईला स्वतंत्र खोली दिली, चांगला टीव्ही आणला, डॉक्टर झाले, चष्मा झाला. छकू सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची. आल्यावर विचारायची, "आई, गोळी घेतलीस? जेवलीस?" आई म्हणायची, "हो." झाला संवाद.

असे तीन-चार महिने गेले. एका सकाळी आई शांतपणे म्हणाली, "बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलंय मी. खालच्या दुकानातल्या मुलीने काढून दिलं."

छकूच्या हातातला कंगवा तसाच राहिला. "अगं पण का? काय कमी आहे इथे?"

"कमी काही नाही गं. समोरच्या दारातली बाई रोज माझ्याबरोबर लिफ्टमध्ये असते. दोघी मजल्यांचे आकडे बघतो. तुमच्या त्या लिफ्टमध्ये आकडे फार सुंदर लावलेत."

"आणि तिकडे पुन्हा पडलीस म्हणजे?"

"पडले तर पडले. निदान ओळखीच्या फरशीवर पडेन."

छकूला रडू आलं, रागही आला. ती चिडून म्हणाली, "शनिवारी माझ्या मंडळीत चल. एकदाच. तिथे येऊन कुणी परकं राहिलेलं नाही आजवर. मग काय ते ठरव." तिला खात्री होती. साठ माणसांना तिने बोलतं केलं होतं, आईला करायला कितीसा वेळ. एकदा आईची ओळख झाली, दोन-चार माणसं जोडली गेली, की तिकीट गेलं कचऱ्यात.

शनिवारी आई आली. ठेवणीतली पर्स काखेत, केस चापूनचोपून. किमतीची चिठ्ठी लटकत असलेल्या एका आरामखुर्चीत अगदी कडेला बसली, जणू दुकानदार येऊन उठवणार आहे. पोरंपोरी "काकू, काकू" करत पाणी देऊन गेली आणि आपापल्या घोळक्यात गेली. छकूने टाळी वाजवली. सगळे वळले. मॅडम ओळख करून देणार म्हटल्यावर मागचेसुद्धा पुढे सरकले.

"ही माझी आई," छकू म्हणाली. "हिला विचारा..."

आणि पुढे शब्दच फुटेना.

हिला काय विचारायचं? छकूने मनातल्या मनात सगळं घर पालथं घातलं. सकाळचा डबा आठवला. इस्त्री केलेला गणवेश आठवला. तापात कपाळावरची ओली पट्टी आठवली. सगळीकडे आईचे हात होते, पण आई कुठे दिसेना. दाताच्या डॉक्टरला तिने दोन मिनिटांत ओळखलं होतं. ह्या बाईच्या घरात ती चोवीस वर्षं राहिली होती. लोक हसतमुखाने वाट बघत होते.

"हिला... स्वयंपाकाचं विचारा," ती शेवटी म्हणाली. "आईसारखा स्वयंपाक कुणाला येत नाही."

तिचं तिलाच कळलं, पार फुसकं निघालं. मंडळींनाही कळलं, पण ती भली माणसं. पोपटवाली विमेकरीण लगेच मदतीला धावली. "काकू, तुम्हाला सगळ्यात जास्त काय करायला आवडतं?"

आईने पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "खरं सांगू का बाळ? मला स्वयंपाकाचा भयंकर कंटाळा आहे. पहिल्या दिवसापासून. सगळे चांगला झालाय म्हणायचे, आवडतो का, असं कुणी विचारलं नाही. म्हणून केला."

हशा पिकला, पण टर उडवणारा नव्हे, आपुलकीचा. छकूही हसली. हसण्यावाचून इलाज काय होता! आत मात्र काहीतरी चर्रकन कापत गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा भर दुपारी, पन्नास माणसांसमोर.

"आता उलट ओळख!" करसल्लागार ओरडला. नियमांच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कर्दनकाळ. "काकू, आता तुम्ही सांगायचं. मॅडमना काय विचारायचं?"

छकूला वाटलं, आता आई म्हणणार, मला नाही बाई जमत. पण आई उठली. चष्मा सारखा केला.

"ही माझी छकू," आई म्हणाली. लोकांना छकू म्हटल्याची गंमत वाटली, पण आई थांबली नाही. "आठ वर्षांची असताना ही न्हाणीघरात अडकली होती. आतून कडी लावली आणि ती निघेचना. हिचे वडील बाहेरगावी, सुतार यायला वेळ. ही आत रडून रडून बेजार झाली, दारावर डोकं आपटायला लागली. मग मी दाराबाहेर फरशीवर बसले आणि हिला म्हटलं, रडू नकोस, मला काहीतरी विचार. असं काहीतरी, जे मला आजवर कुणी विचारलं नाही."

छकूने करसल्लागाराकडे पाहिलं. करसल्लागार तिच्याचकडे बघत होता.

"आणि हिने विचारलं की," आई हसली. "काय काय विचारलं! तुला कशाची भीती वाटते. तुला लहानपणी काय व्हायचं होतं. तू कधी खोटं बोललीस का. बाबा तुला आवडले म्हणून लग्न केलंस का. दाराला कान लावून विचारत होती. मी सगळं खरं खरं सांगितलं. दार बंद होतं ना, म्हणून सांगता आलं. सुतार आला, त्याने कडी तोडली, ही बाहेर आली, माझ्या गळ्यात पडली आणि खेळायला पळाली." आईने क्षणभर पर्सच्या बंदाशी चाळा केला. "त्यानंतर हिने मला काही विचारलं नाही. गोळी घेतली का, एवढंच विचारते. तेव्हा हिला विचारा, त्या दिवशी मी काय सांगितलं होतं ते. मला जाणून घ्यायचंय, हिला आठवतंय का."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर छकूने परतवला असता, त्यात ती पटाईत आहे. आईला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"नाही आठवत," छकू म्हणाली. मंडळींना तिचा आवाज असा कधी ऐकू आला नव्हता. "आई, मला काहीच आठवत नाही गं."

"असू दे. आठ वर्षांची होतीस," आई म्हणाली आणि खुर्चीत बसली. ह्या वेळी मात्र पाठ टेकून.

मग पोरींनी आईला घेरलं. कुणी म्हणालं, काकू, मला सांगा तुम्हाला कशाची भीती वाटते. आई म्हणाली, वा रे वा, पहिला हक्क छकूचा. पुढच्या महिन्यात सांगणार का, तर आई म्हणाली, मी बुधवारी जातेय बाळ. छकू कोपऱ्यात उभी राहून पेले विसळत होती. कार्ड तिने काढलं नव्हतं, तरी.

दोघी घरी परतल्या. लिफ्टमध्ये समोरच्या दारातली बाई भेटली. आकड्यांकडे न बघता आईने तिच्याकडे पाहून मान हलवली, तीही चमकून हसली. घरात आल्यावर आई आपल्या खोलीत गेली. बॅग अर्धी भरलेली होती, तिच्यात तिने घडी केलेली शाल ठेवली.

छकूने समोर जाऊन विचारावं तर जीभ रेटेना. अडकलेल्या शंभर माणसांना फोनवरून धीर दिलेली बाई ही, पण ती माणसं दाराआड होती. मग ती न्हाणीघरात गेली, दार लावलं, कडी घातली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

"आई!" तिने हाक मारली.

"काय गं? टॉवेल हवाय?"

"नाही. इथे ये. दाराबाहेर बस."

मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि बसताना आई करते तो गुडघ्यांचा "आई गं".

"बसले," आई म्हणाली.

छकूने दाराला कान लावला. कितीतरी प्रश्न एकदम घशाशी आले आणि एकमेकांच्या पायांत अडखळले. शेवटी तिने लहानपणी विचारला असेल तसाच विचारला. "आई, तुला कशाची भीती वाटते?"

पलीकडे आई हसली की रडली ते दारातून नीट कळलं नाही.

"सांगते," आई म्हणाली. "पण आधी त्या बुधवारच्या तिकिटाचं बघ. एवढं सगळं बुधवारपर्यंत संपायचं नाही."