भांडेवालीले दिलेल्या गाठोड्यातला फोटो

बायांनो, आज सकाळी मोठा घोळ झाला.

पोट्टीनं मोबाईल दाखवला. "मम्मी, ये तो दादी है!"

जुने फोटो विकणाऱ्याच्या पानावर माझी सासू! लग्नाआधी नागपूरच्या साडीदुकानासाठी काढलेला फोटो, काळा चष्मा, कमरेवर हात. खाली लिहिलं, 'जुना फॅशन फोटो, बाई अनोळखी.'

अनोळखी काहून? आई बाजूच्या खोलीत मटार सोलून राहिल्या ना!

फोटो त्यांच्या जुन्या साडीच्या घडीत राहायचा. दिवाळीच्या सफाईत मीच न पाहता साड्यांचं गाठोडं कॉलोनीत आलेल्या भांडेवालीले दिलं अन् स्टीलची परात घेतली. आईंले अजून माहीत नाही.

विकणाऱ्याले फोन केला. तो म्हणे, "दीदी, शाम को एक साहब ले जाएँगे. आपके घर का है तो बताओ, पीछे क्या लिखा है?"

मागचं फक्त आईंलेच माहीत. विचारायचं तर आधी गाठोड्याचं सांगा लागते.

चार वाजले. आईंनी आत्ताच आवाज दिला, "सूनबाई, मटार झाले, परात आण."

तेच परात घेऊन दारात उभी आहे. तुम्ही असत्या तर पहिलं वाक्य काय बोलल्या असत्या? लवकर सांगा.