एक कुत्रं, पाच हुकूम

अन्याय आमच्या तांबड्या कुत्र्यावर झाला. यंदाच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी आत्याला घेऊन बीडच्या दवाखान्यात बसले होते तेव्हा. काकांनी त्याला पोत्यात घातलं, वडिलांनी पोत्याचं तोंड बांधलं, भावानं मोटारसायकल काढली आणि आई चुलीपुढून उठली नाही. गुन्हेगार किती ते मोजा, मग पुढं वाचा.

कुत्रं मी शिकवलं होतं. उंबऱ्याशी आलं की एकच शब्द, 'बस'. बसलं की भाकरीचा तुकडा. नाही बसलं तर काही नाही. शिवी नाही, चप्पल नाही. महिनाभरात ते नीट बसायला लागलं. घरच्यांना म्हटलं, तुम्हीही हेच म्हणा. मी मोर्च्याची पत्रकं लिहिते. टँकरसाठी तहसीलपुढं बसलो तेव्हा अख्ख्या गावाच्या तोंडी एकच घोषणा होती, कारण प्रत्येकानं आपापलं ओरडलं की साहेब खिडकी लावून घेतो. गावाला हे कळलं. आमच्या घराला कळलं नाही.

आई म्हणायची 'सर तिकडं', आणि कुत्रं कुंईकुंई करायला लागलं की त्याला गप्प करायला भाकरी टाकायची. वडिलांचा सगळ्याला एकच 'ए'. ये म्हणूनही ए, जा म्हणूनही ए. भाऊ मोबाईलवर बघून 'सिट' म्हणायचा, तेही दोस्त आले तरच. आणि काका! केजच्या बाजारातून आले की पिशवी वर धरून मांडीवर थाप मारायचे, "या साहेब, घ्या झडती!" कुत्रं पिशवीवर उडी घ्यायचं, काका त्याला शेव चारायचे आणि सगळा ओटा हसायचा.

"काका, उद्या ते कुणाच्याबी पिशवीवर जाईल," मी म्हणायची.

"जाऊ दे की. ओ पुढारीणबाई, आता कुत्र्याचा बी मोर्चा काढतीस का?"

पोळ्याला आत्या आली, लिंबागणेशहून, पिशवीत गणपतीचा प्रसाद घेऊन. कुत्रं दारातच. मी म्हटलं 'बस', आणि ते बसायला लागलं, मी डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात आई 'सर तिकडं', वडील 'ए', भाऊ 'सिट, सिट'. कुत्रं एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिलं. आणि काकांनी मांडीवर थाप मारली. "घ्या साहेब, पाहुणीची झडती!" कुत्र्यानं ऐकलं. जिथं शेव मिळते तिथलंच ऐकणार ना ते? आत्या पायरीवर पडली, मनगट मोडलं. नारळ गडगडत बैलांपर्यंत गेला.

थाप कुणी मारली, हे एकानंही विचारलं नाही. कुत्रं पिसाळलंय, एवढंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून आलो तर दावं रिकामं.

"सिंदफणेपल्याड सोडून आलो, माजलगावच्या धरणाकडं," काका म्हणाले. "नदी वलांडली की वाट घावत न्हाई त्याला."

"कावून सोडलं?" आत्यानं विचारलं.

"तुझ्यासाठीच की, आक्का."

"माझ्यासाठी? कुत्र्याचं काय चुकलं रं? ज्यानं शिकीवलं त्याला घालायचं पोत्यात!"

काका हसले. ते नेहमीच हसतात.

मी एसटीनं माजलगाव गाठलं. धरणाकडच्या रस्त्यावर एक फळवाले चाचा गाडा लावून होते. त्यांना विचारलं तांबडं कुत्रं दिसलं का. "कोणतं सांगू, बेटा? इथं लोक पोती घिऊन येतात अन् रिकामी घिऊन जातात." मग आठवून म्हणाले, "एक हाय. गिऱ्हाइकानं पिशवी उचलली की अंगावर जायाचं. चावत न्हवतं बिचारं, पन लोकांना काय ठावं? दगडं घातली. लंगडत उसात घुसलं. मागून न्हाई दिसलं." दिवस मावळेपर्यंत मी उसाच्या कडेनं हाका मारत फिरले. ते आलं नाही.

त्यानं दगड कशासाठी खाल्ले? आमच्या ओट्याच्या करमणुकीसाठी. दुसरं काही कारण असेल तर कुणीही मला येऊन सांगावं.

पंधरवडाही गेला नाही आणि काकांनी पिल्लू आणलं. माझी समजूत काढायला म्हणे. संध्याकाळी बघते तर पिशवी वर, मांडीवर थाप. मी पिल्लू उचललं, पिशवीतली शेव कोंबड्यांना टाकली आणि सांगितलं, 'बस' सोडून दुसरा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं या पिल्लाला घासही घालायचा नाही. "घरात लई कायदे झाले," वडील म्हणाले. होऊ देत. काका आठ दिवस बोलले नाहीत. पिल्लू शिकलं.

तुमच्याही ओट्याखाली एखादं बसलेलं असेल. मग हा कागद खाली ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना आत्ता बोलवा. शब्द ठरवा, एकच. आणि तो जो पाळणार नाही त्याच्या हातून कुत्र्याला तुकडा पडू देऊ नका, मग तो घरचा कर्ता का असेना.