फळीमागची नावं
अन्याय झाला तो वसईच्या एका सुतारकाकांवर, तीन वर्षांपूर्वी, ईदच्या आदल्या गुरुवारी, भर दुपारी. वॉर्निशचा वास आला की मला आखातातल्या अल क्वोजचं ते तापलेलं गोदाम आठवतं. परदेशातल्या भुयारी रेल्वेचा जुना लाकडी डबा तिथे कॅफेसाठी आणला होता, आणि त्याच्या इतिहासाचं पत्रक मी लिहीत होते. एका फळीमागे जुन्या कारागिरांची पेन्सिलीने लिहिलेली नावं सापडली. डबा दुरुस्त करणाऱ्याने नाव टाकायचं, ही त्यांची रीतच. आठ महिने त्या डब्यात खपलेल्या काकांनी त्याखाली आपलंही लिहिलं. आमचा मॅनेजर खेकसला, "ऊपरवाला हेरिटेज है, उसपे ग्लास लगेगा. तुम्हारावाला घिसो, यल्ला, जल्दी!" काकांनी स्वतःच्या हाताने नावावर सँडपेपर फिरवला. मला म्हणाले, "पोरी, मी शंभर वर्षं आधी जन्मायला हवं होतं बघ." त्यांचा व्हिसा मॅनेजरच्या हातात होता, आणि माझी नोकरीही. पत्रकातही त्यांचं नाव मला छापू दिलं नाही. आज त्या कॅफेत बसायला जागा मिळत नाही. तुम्ही जाल तेव्हा कॉफी मागण्याआधी विचारा, हा डबा कुणी दुरुस्त केला? आणि नाव सांगेपर्यंत उठू नका.